लांब पल्ल्याची जुनी मोटारसायकल पारखताना : यवतमाळ जिल्ह्यातील खरेदीदारासाठी प्रस्तावना

ज्या दुचाकीची रचना रोजच्या बाजारहाटापेक्षा शेकडो किलोमीटरच्या सलग प्रवासासाठी झालेली असते, म्हणजे जिची टाकी मोठी, बैठक ताठ, सस्पेन्शन खड्डे पचवणारे आणि इंजिन दोन माणसे व सामान घेऊन तासन्तास एका लयीत चालण्याइतके सशक्त असते, तिला सर्वसाधारणपणे टूरिंग मोटारसायकल म्हटले जाते. भारतात या वर्गाची सीमारेषा काटेकोर नाही. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आणि हिमालयन, बजाजची डॉमिनार, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, हिरोची एक्सपल्स या गाड्या एकमेकींपासून पुष्कळ वेगळ्या असल्या तरी त्या विकत घेणाऱ्याच्या मनातला हेतू एकच असतो, आणि तो म्हणजे घरापासून दूर जाणे व परत येणे. ही दुचाकी नवी घेणे ज्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याच्यापुढे वापरलेल्या गाडीचा मार्ग खुला असतो आणि तो मार्ग शहाणपणाचाही ठरू शकतो. मात्र दूध-भाजी आणायला वापरलेली शंभर सीसीची गाडी पारखण्याचे जे ठोकताळे गावोगावी रूढ आहेत, ते या गाडीला लावले तर फसगत होण्याचा संभव मोठा असतो, कारण हिचे आयुष्य वेगळ्या रीतीने खर्ची पडलेले असते आणि हिच्यातला दोष जेव्हा उघड होतो तेव्हा ओळखीचा मिस्त्री जवळ नसतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे.

या गाड्यांची वापरलेली बाजारपेठ तुलनेने नवी आहे. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळवल्या जाऊ लागलेल्या बुलेटने आणि १९६० पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून निघालेल्या जावा-येझदीने पूर्वीच्या पिढीला लांबचा प्रवास घडवला हे खरे. परंतु त्या काळी मोटारसायकल वर्षानुवर्षे एकाच घरात राही आणि विकली गेली तरी ओळखीतच जाई. २००२ मध्ये थंडरबर्ड, २००३ मध्ये हिरो होंडाची २२३ सीसीची करिझ्मा, २०१६ च्या मार्चमध्ये ४११ सीसीची हिमालयन, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये चाकणला बनणारी ३७३ सीसीची डॉमिनार ४०० आणि २०२० मध्ये तिथूनच आलेली ३९० ॲडव्हेंचर, अशा क्रमाने मध्यमवर्गाच्या आवाक्यातली पर्यटनाची दुचाकी भारतात रुजली. यांतील बहुतेक गाड्या प्रथम पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद अशा शहरांत विकल्या गेल्या, काही वर्षे लडाख, स्पिती किंवा कोकणाच्या सहलींसाठी वापरल्या गेल्या आणि मालकाचे लग्न, बदली, परदेशगमन किंवा केवळ नव्या मॉडेलचा मोह या कारणांनी पुन्हा बाजारात आल्या. यवतमाळसारख्या जिल्ह्यातला तरुण खरेदीदार पुष्कळदा या दुसऱ्या टप्प्यावर भेटतो, आणि त्याच्यासमोर उभी असलेली गाडी अनेकदा परजिल्ह्याच्या किंवा परराज्याच्या पासिंगची असते.

या जिल्ह्याचे स्थान लक्षात घेतल्याखेरीज पारखीचे निकष ठरवता येत नाहीत. उत्तरेला व पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद, पश्चिमेला वाशीम, अशा चौकटीत वसलेल्या या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. श्रीनगर ते कन्याकुमारी हा देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे क्रमांक ४४, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा उतरत पैनगंगा ओलांडतो, तर क्रमांक ३६१ चा महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड या गावांवरून नांदेडकडे व पुढे तुळजापूरकडे जातो. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्याने मुंबई-पुण्याकडे निघालेल्या इथल्या दुचाकीस्वाराला जुन्याच रस्त्यांवर विसंबावे लागते. महामार्ग सोडून माहूरला, सहस्रकुंडला, टिपेश्वरच्या जंगलाकडे किंवा थेट चिखलदऱ्याला वळणाऱ्या गाडीला डांबर, मुरूम आणि काळी माती असे तिन्ही पृष्ठभाग एकाच दिवसात भेटतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, वणी परिसरात कोळशाची व चुनखडीची धूळ असते आणि पावसाळ्यात शेतरस्त्यांवरची चिकण काळी माती चाकात, साखळीत व मडगार्डखाली घट्ट बसून राहते. त्यात भर अशी की मोठ्या गाडीचे अवघड काम निघाल्यास ते नेहमीच तालुक्याच्या गावी होत नाही. त्यासाठी यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. म्हणून इथल्या खरेदीदाराने प्रत्येक भागाकडे पाहताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत : हा भाग वाटेत बंद पडला तर काय होईल, आणि तो इथे दुरुस्त होतो का?

या विवेचनाचा आधार एका भेदावर आहे आणि तो आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. गाडीतला दोष दोन जातींचा असतो. एक झीज आणि दुसरी इजा. टायर, साखळी, ब्रेकचे पॅड, क्लचप्लेट, बॅटरी हे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात, त्यांची किंमत ठाऊक असते, ते बदलले की गाडी पूर्ववत होते आणि म्हणून त्यांची झीज हा भावात वजावट मागण्याचा विषय आहे. याउलट वाकलेली चेसिस, वेल्डिंग केलेला सांगाडा, पुरात बुडालेली वायरिंग, खाडाखोड केलेला चेसिस क्रमांक किंवा दुसऱ्याच्याच नावावर राहिलेले नोंदणीपत्र ही इजा आहे; तिची किंमत काढता येत नाही आणि कितीही स्वस्त मिळाली तरी तशी गाडी महागच पडते. बाजारात मात्र उलट घडताना दिसते. खरेदीदार रंगावरचा ओरखडा आणि टायरची नक्षी यांवर घासाघीस करतो, आणि पॉलिशखाली झाकलेली इजा त्याच्या नजरेतून सुटते. बैलबाजारात दात पाहून वय ओळखणारा शेतकरी बैलाला चालवून, वळवून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. तीच शिस्त या व्यवहारात आणण्याची गरज आहे.

वापरलेल्या टूरिंग गाडीच्या बाबतीत किलोमीटरच्या आकड्याला जे महत्त्व दिले जाते ते बरेचसे अवाजवी आहे. महामार्गावर एका वेगाने झालेले तीस हजार किलोमीटर इंजिनाला जेवढे झिजवतात, त्याहून शहराच्या सिग्नलांवर क्लच दाबत, थंड इंजिनाने आखूड फेऱ्या मारत झालेले पंधरा हजार किलोमीटर अधिक झिजवू शकतात. दुसरे असे की हा आकडा बदलता येतो, कारण मीटरचा संपूर्ण संच बदलला की मोजणी नव्याने सुरू होते. तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा आकडा आणि इतर खुणा यांचा मेळ बसतो का हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन वर्षातला आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१९ असे असल्यास तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०१९ ची, टायर २०२३ चे आणि तेही मधोमध सपाट झालेले, पण मीटर मात्र नऊ हजार दाखवत असेल, तर मूळ टायर इतक्या लवकर कसे संपले याचे उत्तर विक्रेत्याने दिले पाहिजे. पायदानाचे रबर, मुठींची घासलेली नक्षी, ब्रेकच्या पायपट्टीची झिजून चकाकणारी कडा यांचीही साक्ष काढावी. डिस्कच्या कडेला नख फिरवले असता जाणवणारा उंचवटा, तसेच डिस्कवरच कोरलेली किमान जाडी आणि प्रत्यक्ष जाडी यांतला फरक हेही पाहण्यासारखे असते. सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर दर वेळी किलोमीटर लिहिलेले असतात. त्यांची साखळी मधूनच तुटली असेल तर तेवढ्या काळात गाडी कोणी, कशी जपली हे विचारणे अप्रस्तुत नाही.

आता सांगाड्याकडे वळावे, कारण सर्वाधिक काळजी तिथे घ्यायची आहे. टूरिंग गाडी वजनदार असते; हिमालयन व डॉमिनार या दोन्ही पेट्रोलसह साधारण १८० ते २०० किलोच्या घरात जातात, आणि त्यावर दोन माणसे, दोन बाजूंच्या बॅगा, मागची पेटी व कधी पेट्रोलचे डबे चढतात. हा भार चेसिसला मागून जोडलेल्या ज्या नळ्यांवर येतो त्यांना सबफ्रेम म्हणतात. बॅगांचे स्टँड जिथे बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडलेले असतात तिथे सबफ्रेमला बारीक तडे जाण्याची शक्यता असते, म्हणून सीट काढून आणि बॅगांचे स्टँड शक्य असल्यास उतरवून प्रत्येक सांधा उजेडात पाहावा. मूळ कारखान्याचे वेल्डिंग एकसारखे असते आणि त्यावरचा रंगही बाकीच्या चेसिसला जुळतो. एकाच सांध्यावर ताजा काळा रंग दिसला की त्याखाली काय आहे हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. हँडल पूर्ण वळवल्यावर ज्या आडव्या खुंटीला तो टेकतो ती खुंटी चेपलेली किंवा तुटलेली असेल, तर समोरून जोराचा आघात झाल्याचा तो जवळजवळ निश्चित पुरावा असतो, कारण साध्या पडण्याने ती सहसा चेपत नाही. क्रॅशगार्डवर आणि लीव्हरच्या टोकांवर ओरखडे असणे मात्र फार गंभीर मानू नये; वाळूत किंवा चिखलात थांबता थांबता आडवी झालेली मोठी गाडी तशी खूण बाळगतेच, आणि ती खूण प्रामाणिकपणे दाखवणारा विक्रेता इतर बाबींतही विश्वासार्ह असण्याची शक्यता वाढते.

हँडल ज्या गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतो त्याला मिस्त्री कोनसेट म्हणतात. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल अगदी सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे न्यावे. सरळ रेषेपाशी तो खाच पडल्यासारखा किंचित अडकला तर कोनसेट गेला आहे असे समजावे. हिमालयनला मधला स्टँड असल्याने ही तपासणी सोपी पडते; ज्या गाडीला तो नाही तिथे जॅक लावावा लागतो आणि खरेदीदाराने तेवढा आग्रह धरावा. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवून पाहावे. तेल दिसले तर ऑइल सील गेले आहे, जे बदलता येते. पण नळीवरच गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सीलही काही दिवसांत फाटते, आणि मग नळ्या बदलाव्या लागतात. मागचे चाक धरणारा आडवा भाग, ज्याला गॅरेजमध्ये चिमटा आणि पुस्तकात स्विंगआर्म म्हणतात, तो दोन्ही बाजूंनी धरून हलवला असता खडखडला तर त्याचे बुश झिजले आहेत. स्पोकच्या चाकात प्रत्येक तार पान्याने हलकेच वाजवून पाहावी. सैल तारेचा आवाज बद्द येतो. ॲलॉय चाक फिरवून त्याची कडा डुलते का ते पाहावे, आणि वेल्डिंग करून सरळ केलेले ॲलॉय चाक लांबच्या प्रवासासाठी स्वीकारू नये, मग विक्रेता कितीही हमी देवो.

साखळीच्या बाबतीत काळ्या मातीचा प्रश्न विशेष आहे. ही माती ओली असताना चिकटते, वाळल्यावर दगडासारखी होते आणि आपल्यात ओलावा धरून ठेवते, त्यामुळे साखळीच्या कड्या आतून गंजतात व काही कड्या ताठ होतात. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या बिंदूवर साखळी बोटांनी ओढली असता ती दात सोडून अर्ध्या दातापेक्षा अधिक बाहेर येत असेल, तर साखळीसह पुढचे-मागचे दोन्ही दातेरी चक्र, म्हणजे संपूर्ण चेनसेट, बदलण्याची वेळ आली आहे. शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्याने वापरलेली गाडी असेल तर मडगार्डची आतली बाजू, ब्रेक कॅलिपरच्या पिना आणि रेडिएटरच्या बारीक पात्या यांतही वाळलेली माती शोधावी.

इंजिनाची पारख थंड असतानाच करावी लागते. खरेदीदार येण्याआधी विक्रेत्याने गाडी तापवून ठेवली असेल तर ते नम्रपणे लक्षात आणून देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे. या एका गोष्टीत संकोच करून अनेकांनी पुढे बोअर आणि पिस्टनचा खर्च सोसलेला असतो. थंड इंजिन सुरू होताच काही क्षण येणारा आणि लगेच थांबणारा खडखडाट फारसा चिंतेचा नसतो, परंतु इंजिन तापल्यावरही डोक्यापाशी साखळी घासल्यासारखा आवाज येत राहिला तर टायमिंग चेन किंवा तिचा ताण राखणारा टेन्शनर पाहावा लागतो. निळसर धूर इंजिनात तेल जळत असल्याचे, काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचे आणि तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर पाणी ज्वलनकक्षात शिरत असल्याचे लक्षण आहे. तेलाचा रंग काळा असणे स्वाभाविक; मात्र ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि तो सौदा तिथेच थांबवावा. क्लचची परीक्षा चढावर होते : वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जात असताना थ्रॉटल दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी तेवढ्या प्रमाणात पुढे गेली नाही, तर क्लचप्लेट निसटत आहेत.

उष्णतेचा मुद्दा विदर्भात दुय्यम मानता येत नाही. डॉमिनार आणि ३९० ॲडव्हेंचर यांची इंजिने पाण्याने थंड होतात, तर ४११ सीसीची हिमालयन हवेने व तेलाने. त्यामुळे पहिल्या प्रकारात रेडिएटर, त्याचा पंखा, नळ्या व कूलंट ही एक संपूर्ण व्यवस्था वाढते. गाडी एका जागी सुरू ठेवून पंखा आपोआप लागतो आणि थोड्या वेळाने थांबतो हे डोळ्यांनी पाहावे. कूलंटच्या जागी नुसते नळाचे पाणी भरलेले असेल तर आत क्षार व गंज साचलेला असतो आणि तो एप्रिल-मे महिन्यांत महामार्गावर, नेमका सावली नसलेल्या टापूत, आपले काम करतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पात्यांमधली माती आणि तेलाची पातळी या दोन गोष्टींना तेच महत्त्व आहे. उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असूनही बाजूने भेगाळतात. अशा टायरवर वेगाने जाणे धोक्याचे असल्यामुळे त्यांची किंमत शून्य धरावी. वणी-मुकुटबन भागातून आलेल्या गाडीचा एअर फिल्टर उघडून पाहणे हा तर दोन मिनिटांचा उपचार आहे. पेट्रोलचाही इथे विचार करावा लागतो. २०२५ पर्यंत देशात मिळणाऱ्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सरासरी वीस टक्क्यांच्या जवळ पोहोचले आहे, तर त्या मिश्रणाला टिकणारे रबर व प्लास्टिकचे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत अपेक्षित आहेत. त्याआधीच्या, विशेषतः कार्ब्युरेटरच्या, गाडीत पेट्रोलच्या नळ्या ताठरल्या आहेत का आणि टाकीच्या आत गंज धरला आहे का हे टॉर्च मारून पाहावे.

पुराचा विचार जिल्ह्यातल्या खरेदीदाराला परका नाही. २२ जुलै २०२३ रोजी झालेल्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर माणसे अडकून पडली होती. असे पाणी जिथे शिरते तिथे अंगणात उभ्या असलेल्या दुचाकीही बुडतात, आणि धुऊन-पुसून पुढे त्यांपैकी काही विकल्या जातात. बुडालेली कार्ब्युरेटरची गाडी तेल बदलून, टाकी साफ करून बहुधा पुन्हा चालते. परंतु फ्युएल इंजेक्शन, एबीएस आणि संगणकीय मीटर असलेल्या गाडीत पाणी शिरल्याचे परिणाम कित्येक महिन्यांनी दिसू लागतात, कारण वायरींच्या जोडण्यांतील तांबे हळूहळू हिरवे पडत जाते. हेडलाइटच्या काचेच्या आतली गाळाची रेघ, सीटखालच्या पोकळीत कोपऱ्यात राहिलेली बारीक माती, फ्यूजच्या पेटीतला हिरवट थर आणि एरवी झाकलेल्या स्क्रूंच्या डोक्यांवरचा गंज या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत. ज्यांनी पुरात घर-संसार गमावला त्यांना गाडी विकावी लागणे यात लपवण्यासारखे काही नाही. लपवले जाते ते मधल्या दलालाच्या पातळीवर, आणि त्याची किंमत शेवटच्या खरेदीदाराला मोजावी लागते.

विजेच्या व्यवस्थेत टूरिंग गाडीचा स्वतःचा असा एक रोग आहे. जादा दिवे, मोबाइल चार्जर, मोठा हॉर्न हे सर्व मागाहून बसवताना मूळ वायर सोलून, टेप गुंडाळून जोडण्या केलेल्या असतात आणि जादा भारामुळे चार्जिंगचे भाग तापतात. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते व इंजिनाचा वेग वाढवल्यावर ते साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवे. साध्या मल्टिमीटरने कोणताही इलेक्ट्रिशियन हे क्षणात सांगतो. चावी फिरवताच इंजिनाचा इशारादिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. जो दिवा मुळात लागतच नाही तो निर्दोष नसून बहुधा मुद्दाम बंद केलेला असतो. चाक जॅम होऊ न देणारी एबीएस ही व्यवस्था १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, म्हणून त्याआधीची गाडी घेताना ती आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहावे, नुसत्या मॉडेलच्या नावावरून गृहीत धरू नये.

यंत्राच्या तपासणीपेक्षा कागदपत्रांची तपासणी अधिक वेळा टाळली जाते, आणि नुकसान मात्र तिथेच भरून न येणारे होते. नोंदणीपत्रावरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी एकेक अक्षर जुळवून पाहणे ही पहिली पायरी आहे. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा जाड रंगाखाली गेलेला क्रमांक आढळल्यास गाडी चोरीची असण्याचा संशय घेणे रास्त ठरते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेतून गाडी चोरीच्या नोंदींत आहे का हे नागरिकालाही पाहता येते. परिवहन विभागाच्या ॲपवर नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे २०१० च्या आसपासची थंडरबर्ड आकर्षक भावात मिळत असली तरी नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च व खटाटोप तिच्या किमतीत धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवली आहे का हेही पाहावे.

कर्जाच्या गाडीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. नोंदणीपत्रावर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचे त्या संस्थेचे पत्र आणि नमुना ३५ यांच्याशिवाय बोजा उतरत नाही. हप्ते थकल्यामुळे संस्थेने ओढून नेलेल्या गाड्या लिलावात स्वस्त मिळतात. अशा गाडीचे नोंदणीपत्र आधी संस्थेच्या नावे होणे आणि त्यासाठी नमुना ३६ भरला जाणे आवश्यक असते. मूळ कर्जदाराच्या नावाचे जुने नोंदणीपत्र व लिलावाची साधी पावती एवढ्यावर जो व्यवहार होतो, तो अर्धवट राहतो.

नाव हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात; गावोगावी त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची जी पद्धत आहे ती विकणारा आणि घेणारा या दोघांनाही घातक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार त्याच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी असे स्पष्ट केले की गाडी एकापाठोपाठ कितीही हातांत गेली, तरी अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी येते. विक्रेत्याला हा निवाडा समजावून सांगितला तर तो स्वतःहून हस्तांतरणाची घाई करू लागेल, आणि खरेदीदाराचे काम सोपे होईल.

विम्याबाबतही एक गैरसमज दूर करायला हवा. कलम १५७ नुसार तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते, मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव बदलून घ्यावे लागते. आदिलाबाद किंवा हैदराबादेतून आणलेल्या गाडीच्या बाबतीत मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून एमएच २९ चा क्रमांक, असा पूर्ण प्रवास करावा लागतो. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर कायद्याने नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे. हा खर्च धरल्यावर पैनगंगेपलीकडची स्वस्त गाडी स्वस्त राहते का, हे सौद्याआधीच कागदावर मांडावे. जुन्या मालकाने कर्कश सायलेन्सर बसवला असेल किंवा रचनेत फेरबदल केले असतील तर मूळ भाग परत मागावेत, कारण कलम ५२ खाली नोंदणीतील तपशिलाविरुद्ध केलेले बदल मान्य होत नाहीत, आणि मागाहून मूळ सायलेन्सर विकत घ्यायचा तर तो स्वस्त नसतो.

एवढी सगळी पारख एकट्याने करावी असा आग्रह नाही. विक्रेत्याच्या ओळखीचा नसलेला, त्या जातीच्या गाडीवर काम केलेला मिस्त्री अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावा. ही मजुरी वाचवण्याकडे कल असतो, पण संपूर्ण व्यवहारात एवढा कारणी लागणारा दुसरा खर्च नाही. सरळ रस्ता, खडबडीत रस्ता आणि चढ असे तिन्ही येतील इतका फेरफटका विक्रेत्याच्या संमतीने, हेल्मेट घालून आणि गाडीचा विमा चालू असल्याची खात्री करून मारावा. पोलिसांच्या ई-चलानाच्या संकेतस्थळावर गाडी क्रमांक टाकून थकलेले दंड पाहावेत व ते व्यवहाराआधी फेडायला सांगावेत. पैसे बँकेमार्फत द्यावेत, आणि गाडी ताब्यात घेताना दोन प्रतींत एक ताबापावती करावी, जिच्यावर चेसिस क्रमांक, मीटरवरचे किलोमीटर, दिलेल्या चाव्या व कागदांची यादी, दोघांच्या सह्या आणि तारखेबरोबरच ताबा दिल्याची वेळ, तास व मिनिटांसह, लिहिलेली असेल. कारण त्याच दिवशी सकाळी झालेला दंड कोणाचा आणि संध्याकाळी झालेला कोणाचा, हे सिद्ध करायला पुढे तोच कागद हाताशी राहतो.